कळतं पण वळत नाही : मोठ्या माणसांचं एडीएचडी, ऑटिझम आणि एक्झिक्युटिव्ह फंक्शन

निशिगंधा_३९

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी नर्स आहे, एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. वय ३९. यंदा एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, आवेग आवरणं अवघड जाणं) निदान झालं. सायकॉलॉजिस्टने दोन तऱ्हेने तपासलं. एक टेबलावरच्या चाचण्या : आकडे उलटे म्हणा, शब्द न वाचता त्याचा रंग सांगा, पत्ते लावा. त्यात मी व्यवस्थित पास, एकदोन ठिकाणी तर सरासरीच्या वर. दुसरी रोजच्या जगण्याबद्दलची प्रश्नावली, एक मी भरली आणि एक नवऱ्याने. तिच्यात एक्झिक्युटिव्ह फंक्शनच्या (काम आखणं, सुरू करणं, लक्षात धरणं, पार पाडणं) जवळजवळ सगळ्या रकान्यांत मोठी अडचण.

कामावर असं असतं : अपघाताची केस आत आली की माझं डोकं शांत होतं. ऑक्सिजन लावणं, शीर शोधणं, रक्ताचं सँपल पाठवणं, नातेवाइकांपैकी सही कोण करणार ते बघणं, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सलाईन संपत आली आहे हेही लक्षात असतं. नवीन मुलींना मीच शिकवते.

घरी असं असतं : लाईट बिल. पैसे खात्यात, ॲप फोनमध्ये, तारीख पाठ. तरी भरलं जात नाही. धुतलेले कपडे खुर्चीवर, मग त्या खुर्चीवरून पलंगावर, रात्री पुन्हा खुर्चीवर. मुलीच्या सहलीचा फॉर्म सही करून पर्समध्ये राहिला आणि सहल जाऊन आली.

नवरा भांडत नाही. पण विचारतो, "तिथे जमतं, मग घरी का नाही?" त्याला काय उत्तर देऊ? ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला एडीएचडी, ऑटिझम (स्वमग्नता), डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अडणं) आहे त्यांनी लिहा. काय जमतं, काय अडतं, कशाने सोपं झालं. सल्ल्यांपेक्षा अनुभव आवडतील.

कोकणकडा

वाचतोय. माझ्या बहिणीचं हुबेहूब हेच. ती मात्र शाळेत शिक्षिका आहे.

निवृत्त_नाना

ताई, रागावू नका, पण माझं मत वेगळं आहे. आमच्या वेळी ही नावं नव्हती आणि कामं होत होती. मी ३४ वर्षं बँकेत काढली. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची पाच कामं डायरीत लिहायची आणि सकाळी पहिलं काम उचलायचं, एवढी शिस्त पुरते. प्रत्येक सवयीला आजाराचं नाव दिलं की माणूस प्रयत्न सोडतो, ही मला काळजी वाटते.

मीरा_सांगली

नाना, डायऱ्या आमच्या घरात भरपूर आहेत. सगळ्यांची पहिली चार पानं भरलेली :)

मनोवेध

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण निशिगंधा यांच्या दोन निकालांबद्दल लिहिते, कारण हा प्रश्न माझ्याकडे येणारी बरीच माणसं विचारतात आणि "चाचणी नॉर्मल आली, म्हणजे तुला काही झालेलं नाही" असं घरी ऐकूनही घेतात.

दोन निकाल वेगळे आले म्हणून त्यातला एक खोटा ठरत नाही. २०१३ साली टोपलाक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा टेबलावरच्या चाचण्या आणि रोजच्या वागण्याच्या प्रश्नावल्या यांचा मेळ फारच कमी बसतो असं दिसलं. चाचणीची खोली आठवा. पंखा, दार लावलेलं, समोर एक माणूस. तो सांगतो आता सुरू करा, आता थांबा, आता पुढचं. म्हणजे सुरुवात करणं, वेळ सांभाळणं, यानंतर काय ते ठरवणं ही तिन्ही कामं परीक्षकच करतो. तुमच्याकडे फक्त कोडं उरतं. आणि बुद्धी चांगली असली की कोडं सुटतं.

याहून जुनं एक काम आहे. शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेल्या तीन जणांबद्दल लिहिलं. बुद्धिमत्ता उत्तम, नेहमीच्या बहुतेक चाचण्यांत ठीक. मग त्यांना यादी देऊन खऱ्या बाजारात पाठवलं : थोडी खरेदी, थोडी माहिती जमवायची, ठरल्या वेळी एका जागी पोचायचं, दोनचार नियम पाळायचे. तिथे ते अडखळले. एडीएचडी म्हणजे मेंदूला झालेली इजा नव्हे, हे लगेच सांगते. पण खोलीतली चाचणी काय दाखवू शकत नाही ते या बाजारातल्या फेरीने छान दाखवलं.

आता "तिथे जमतं, घरी का नाही". कॅज्युअल्टीत पुढचं काम स्वतः ओरडून सांगतं. मॉनिटर वाजतो, माणूस कण्हतो, डॉक्टर हाक मारतात, केलेल्याचा परिणाम मिनिटात समोर. लाईट बिल आवाज करत नाही, आणि न भरल्याचा परिणाम पुढच्या महिन्यात येतो. रसेल बार्कली हे संशोधक एडीएचडीकडे आत्मनियमनाची अडचण म्हणून बघतात. काय करायचं याची माहिती असते. ती हव्या त्या क्षणी हातात उतरत नाही. म्हणून मदतही त्या क्षणी आणि त्या जागी असावी लागते. रविवारी दिलेलं व्याख्यान गुरुवारी उपयोगी पडत नाही.

सिग्नल_डाऊन

मनोवेध यांचा प्रतिसाद आवडला. मी ऑटिस्टिक आहे, निदान ४१व्या वर्षी. एडीएचडी नाही. माझ्या अडचणी निशिगंधा यांच्याहून वेगळ्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नाशिकला एका कर सल्लागाराकडे जीएसटी बघतो. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला ३बी (कराचं विवरणपत्र). या तारखा मला आवडतात, त्या हलत नाहीत. (मुदतवाढ आली की ऑफिसात सगळे खूश, माझा आठवडा विस्कटतो.) खरेदी रजिस्टर आणि २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) समोरासमोर ठेवून जुळवायला बसलो की बिलाच्या नंबरात कुणी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकलाय हे मला दिसतं. शोधावं लागत नाही. सलग चार तास बसू शकतो. आखणी, क्रम, बारकावा यांत कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही.

अडतं ते वळताना. मधेच कुणी येऊन "जरा हे बघून दे" म्हणालं की मी हातातलं सोडू शकत नाही, आणि जबरदस्तीने सोडलंच तर परत येऊ शकत नाही. मागच्या हंगामात एक क्लायंट न सांगता समोर येऊन बसले. दहा मिनिटांचंच बोलणं होतं. ते गेल्यावर मी एक्सेलकडे बघत बसलो होतो. कुठल्या ओळीवर होतो ते दिसत होतं, हात माऊसवर होता, पण सुरू होत नव्हतं. बाहेरून हे आळस दिसतो. आतून गाडी स्टेशनाबाहेर उभी करून ठेवल्यासारखं असतं, चालक जागा, इंजिन चालू, सिग्नल मिळत नाही. माझं इथलं नाव त्यावरूनच.

आता ऑफिसात एक साधी गोष्ट ठरली आहे. टेबलावर लाल फाईल उभी असेल तर माझ्याशी बोलायचं नाही, कागदावर लिहून ट्रेमध्ये टाकायचं. उठण्याआधी मी पुढची एक ओळ पेन्सिलने लिहितो : "यानंतर ओळ २१४, पुरवठादाराला फोन." ती ओळ असली की परत येता येतं.

मनोवेध

सिग्नल_डाऊन, फार नेमकं लिहिलंत. ऑटिस्टिक माणसं यालाच 'ऑटिस्टिक इनर्शिया' म्हणतात : सुरू होणं, थांबणं आणि दिशा बदलणं, तिन्ही जड. २००५ मध्ये डायना मरे, वेन लॉसन आणि माईक लेसर यांनी मांडलेली मोनोट्रोपिझमची कल्पनाही जवळची आहे. लक्ष एका वेळी थोड्या गोष्टींत, पण खोल. खोली हे बळ, आणि तिथून बाहेर ओढलं जाणं हाच त्रास. दोन्ही एकाच स्वभावातून येतात.

इथे वाचणाऱ्यांसाठी : एक्झिक्युटिव्ह फंक्शन ही एक वस्तू नाही. मियाके आणि सहकाऱ्यांनी २००० साली जे दाखवलं ते अजून कामाला येतं. आवेग थोपवणं, कामापुरतं डोक्यात धरणं आणि त्यात नवं भरत राहणं, एकावरून दुसऱ्यावर वळणं, ही तीन एकमेकांशी जोडलेली पण वेगळी. म्हणून "याचं एक्झिक्युटिव्ह फंक्शन खराब आहे" या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठलं, कुठे, कशाच्या सोबतीने, हे विचारावं लागतं. आणि दोन्ही निदानं एकाच माणसात असू शकतात. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक निदानांचं अमेरिकन नियमपुस्तक) पर्यंत दोन्ही एकत्र द्यायची मुभाच नव्हती, त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणांना अर्धंच उत्तर मिळालेलं असतं.

तिसरी_घंटा

मी नाटकात बॅकस्टेजला. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेपासून सुरुवात, आता व्यावसायिक. एडीएचडी, गोळी चालू.

निशिगंधाताई, तुमचं कॅज्युअल्टीचं वाचून अंगावर काटा आला, कारण विंगेत माझं तेच होतं. अंधार, कानात हेडफोन, लाइट क्यू (दिवे बदलायची खूण), म्युझिक क्यू, अमक्याची एक्झिट झाली की टेबल आत, ब्लॅकआऊटमध्ये चौदा पावलं. एकही क्यू चुकत नाही. आणि प्रयोगाचं मानधन मागायचा मेल? तो लिहिलाच जात नाही.

मला जे सापडलं ते सांगतो. विंगेत मी काहीच लक्षात ठेवत नाही. सगळं क्यू-शीटवर आणि जमिनीवर चिकटवलेल्या टेपवर असतं. टेबलाचे चार पाय कुठे येणार, तिथे चार खुणा. मग घरी तेच केलं. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, 'एक्झिट' ची यादी : चावी, पाकीट, गोळी, गॅस. मानधनाचं असं ठरवलं की प्रयोग संपून ट्रकमध्ये सामान चढलं की ट्रक सुटायच्या आधी तिथेच उभं राहून मेल पाठवायचा. "वेळ मिळेल तेव्हा" हा क्यू नाही. ट्रकचं फाळकं लागल्याचा आवाज हा क्यू आहे.

मनोवेध

हेच पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं : "मी व्यायाम करीन" यापेक्षा "सकाळी चहाचा कप विसळला की बूट घालीन" असं 'जेव्हा हे, तेव्हा ते' जोडलेलं ठरवणं जास्त पार पडतं. आठवण ठेवायचं काम मनाकडून काढून प्रसंगाकडे दिलं जातं. तुम्ही ते फाळक्याकडे दिलंत.

बेफिकीर_वारा

मला वाटतं आपण सगळेच अडचणींबद्दल बोलतोय. एडीएचडी ही देणगी आहे! हायपरफोकस, कल्पकता, संकटात डोकं थंड. या धाग्यावरचेच लोक बघा. याला सुपरपॉवर का म्हणू नये?

मीरा_सांगली

वारा, मी सांगते का ते. माझ्या नवऱ्याला एडीएचडी आहे. माणूस लाख मोलाचा. दोन वर्षांपूर्वी पुराचं पाणी आलं तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना वर हलवणारा पहिला तो होता. पण गेली पंधरा वर्षं त्याचं एक्झिक्युटिव्ह फंक्शन मी आहे. विम्याचा हप्ता, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, शाळेची फी, कुणाच्या लग्नाला काय द्यायचं, सिलिंडर कधी लावला. सगळं माझ्या डोक्यात. त्याला कुणी सुपरपॉवर म्हटलं की मला वाटतं, त्या पॉवरचं बिल कोण भरतंय ते विचारा.

हे त्याच्याविरुद्ध नाही. पण "ही देणगी आहे" म्हटलं की मदत मागायचा रस्ताच बंद होतो, त्याचाही आणि माझाही.

चैत्रपालवी

मीरा +१. आणि तुमच्या जागी पुरुष असता आणि विसरणारी बायको असती, तर ती बायको एव्हाना माहेरी असती. हेही लिहून ठेवते.

बेफिकीर_वारा

मीरा, मुद्दा पोचला. देणगी हा शब्द मी आशेने वापरला होता, लहानपणी नुसता मारच मिळाला म्हणून. बळ आहे यावर मात्र मी ठाम आहे. तुमच्या नवऱ्याने पुरात जे केलं ते हवेतून नाही आलं, त्या मेंदूतूनच आलं.

मीरा_सांगली

ते मान्य. मग आता आम्ही काय केलं तेही सांगते. घरातली कामं "मदत कर" अशी वाटली नाहीत, अख्खी वाटली. म्हणजे 'सासूबाईंची औषधं' हे पूर्ण त्याचं : संपत आली हे बघण्यापासून दुकानात जाण्यापर्यंत. पहिले काही महिने मी जीभ चावून गप्प बसले. त्याने गोळ्यांचा सात खणी डबा आणला आणि तो सासूबाईंच्या खोलीत न ठेवता चहाच्या डब्याशेजारी ठेवला, कारण चहा तो कधीच विसरत नाही. त्याच्या फोनमधल्या गजराचं नाव आहे "उठून कर आणि मगच मला बंद कर". सासूबाईंना वाटतं फोनच त्याला ओरडतो, आणि त्या फोनवर खूश आहेत :)

निवृत्त_नाना

सगळे प्रतिसाद वाचले. तिसरी_घंटा यांनी क्यू-शीटबद्दल लिहिलं त्यावरून सुचलं ते लिहितो.

बँकेत आम्ही अचूक काम करत होतो, पण ते प्रत्येकाच्या स्वभावावर सोडलेलं नव्हतं. ड्यू डेट डायरी होती, मुदत संपणाऱ्या ठेवी त्या तारखेच्या पानावर आधीच चढवलेल्या. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. दिवसाची बेरीज जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. आमच्या शाखेत एक सहकारी होते, काउंटरवर ग्राहकांशी त्यांच्याइतकं कुणी बोलू शकत नसे, फाईल मात्र हाती लागायची नाही. त्या व्यवस्थेत त्यांची नोकरी उत्तम झाली. निवृत्तीनंतर घरचे कागद मुलाला हाती घ्यावे लागले. तेव्हा आम्ही म्हणालो, वय झालं. आता वाटतं, वय तेच होतं, शाखा नव्हती.

नावं किती द्यावीत याबद्दल माझं मत कायम आहे. पण घरात ड्यू डेट डायरी कोण ठेवतं आणि दुसरी किल्ली कुणाकडे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तिसरी_घंटा

नाना, "वय तेच होतं, शाखा नव्हती" हे मी भिंतीवर लिहिणार.

कापडचोपड

मी डिस्लेक्सिक. इचलकरंजीजवळ शिवणाचं युनिट चालवते, सात बायका आहेत हाताखाली. हे मी बोलून टाइप करतेय, चुका असतील तर समजून घ्या.

माझी अडचण डोक्यात धरायची. कुणी सलग तोंडी सांगितलं, "बाही पाऊण, गळा मागून खोल, पायपिंग मरून, शनिवारी हवं", तर तिसऱ्या गोष्टीला पहिली गळून पडते. लिहून घ्यायला जावं तर लिहिण्यातच चौथी जाते. म्हणून गिऱ्हाईक बोलत असतानाच कापडाच्या कोपऱ्याला रंगीत टाचण्या लावते. निळी म्हणजे बाही, लाल म्हणजे गळा, पिवळी म्हणजे घाईचं. आणि व्हॉट्सॲपवर व्हॉईस मेसेज मागते.

जमतं काय? उलटं मोजणं. लग्न २० तारखेचं, म्हणजे १७ला ट्रायल, १५ला हातशिलाई, १२ला कटिंग, ९ला अस्तर भिजवलेलं हवं. हे मला न लिहिता दिसतं. लग्नसराईत एक ब्लाऊज उशिरा गेलेला नाही.

सिग्नल_डाऊन

कापडचोपड, गंमत बघा. तुम्हाला व्हॉईस मेसेज लागतो, आणि मला कुणी व्हॉईस मेसेज पाठवला की घाम फुटतो, मला लिहिलेलंच हवं. आपण दोघं एका ऑफिसात असतो तर 'न्यूरोडायव्हर्जंट (वेगळ्या ठेवणीच्या मेंदूच्या) लोकांसाठी एक धोरण' काढणाऱ्या साहेबांची पंचाईत झाली असती.

कापडचोपड

तुम्ही लिहा, मी बोलते, साहेबांना चहा करायला लावू :)

चित्रकथी

डिस्लेक्सिक लोकांची नजर आणि आकारांची समज उपजतच भारी असते असं वाचलं होतं, ते खरं का?

मनोवेध

काहींची असते, सगळ्यांची असते असं पुराव्यावरून म्हणता येत नाही. निदानाबरोबर ठरावीक बळ पार्सल येतं ही कल्पना माणसाला नवीन चौकटीत घालते. "डिस्लेक्सिया आहे आणि तरी चित्र येत नाही" म्हणून रडणारी मुलगी मी पाहिली आहे. कापडचोपड यांचं उलटं मोजणं हे त्यांचं आहे, वर्षानुवर्षं कमावलेलं.

पंधरावा_टॅब

स्मरणशक्ती वाढवणारी ॲप्स असतात, ब्रेन ट्रेनिंगची. कुणी वापरली? वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या विचारात आहे.

मनोवेध

पैसे जपून ठेवा. खेळ खेळून तो खेळ चांगला जमायला लागतो. २०१३ मध्ये मेल्बी-लेर्वाग आणि ह्यूम यांनी अशा प्रशिक्षणाचे अभ्यास एकत्र पाहिले : त्याच धाटणीच्या कामात थोड्या काळासाठी सुधारणा, बाकी रोजच्या कामांत ती उतरत असल्याचा भक्कम पुरावा नाही. त्याच पैशात भिंतीवर काट्यांचं मोठं घड्याळ लावा. किती वेळ उरला ते त्यात आकारासारखं दिसतं, डिजिटल आकड्यात दिसत नाही.

गार्डनस्टेट_ताई

न्यू जर्सीहून. इथे मला ॲडरॉल (एडीएचडीची उत्तेजक गोळी) चालू होतं. २०२२च्या ऑक्टोबरात एफडीएने (इथलं औषध नियंत्रण खातं) टंचाई जाहीर केली, तेव्हापासून दुकानं पालथी घालणं आलं. आता आईसाठी वर्षभर पुण्यात यायचा विचार आहे. तिथे काय मिळतं?

तिसरी_घंटा

ॲडरॉल इथे मिळत नाही. मिथिलफेनिडेट मिळतं, पण ते एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीत असल्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही आणि प्रत्येक केमिस्टकडे नसतंच. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा, उत्तेजक नसलेला पर्याय, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. यायच्या आधीच इथल्या डॉक्टरशी ऑनलाइन बोलून घ्या, आणि तिकडची औषधं बरोबर आणण्याबद्दल नियम आधी विचारा. गोळीने माझं काय झालं : मेल लिहायला बसता यायला लागलं. कुठला मेल ते गोळी सांगत नाही. त्याला क्यू-शीटच.

घरचा_अभ्यास

माझा भाऊ, २८, ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही. सर्टिफिकेट मिळतं का? नोकरीत काही सवलत?

सिग्नल_डाऊन

मी हे पूर्ण केलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (डिस्लेक्सिया यातच येतो) आहे, एडीएचडी त्यात नाही. त्यामुळे भावाचं प्रमाणपत्र ऑटिझमवर होईल. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. आरक्षणासाठी ४० टक्के किंवा जास्त लागतं. सरकारी नोकरीत एकूण ४ टक्के जागा, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. सरकारी आस्थापनेला कामाच्या जागी वाजवी सोयी कराव्याच लागतात. खासगी आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, त्याची प्रत मागून घ्या.

ज्यांना फक्त एडीएचडी आहे ते या यादीबाहेर राहतात याचं मला वाईट वाटतं. माझ्या लाल फाईलला खर्च शून्य आला. निशिगंधा यांनी तशीच काही सोय मागितली तर त्यांच्या हातात दाखवायला कागद नाही.

कोकणकडा

बहिणीला हा धागा पाठवला. ती विचारते, तिला हे सगळं गेल्या दोन वर्षांत सुरू झालं, वय ४७. तेही एडीएचडीच का?

मनोवेध

तिने आधी फिजिशियनकडे जावं. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, नैराश्य, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, या सगळ्यांत विसरणं आणि सुरुवात न होणं असतं. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं १२व्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. पण एक शक्यता उघडी ठेवा : काही बायकांना ते लहानपणापासून असतं, हुशारीने आणि जागरणांनी झाकलेलं, आणि चाळिशीनंतर झाकण पुरत नाही. जुनं प्रगतिपुस्तक सापडलं तर शेरे वाचा.

कोकणकडा

आईच्या ट्रंकेत सापडलं. पाचवी : "हुशार, परंतु स्वप्नाळू. वह्या अपूर्ण." सातवी : "वह्या अपूर्ण." रक्त तपासणीही सांगितली आहे.

निशिगंधा_३९

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. ड्युटी संपवून बसले आणि एका दमात वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. नानांचा बँकेचा प्रतिसाद त्याला सगळ्यात पटला, तोही सहकारी पतसंस्थेत आहे.

आम्ही बसून कॅज्युअल्टीत काय काय आहे जे घरी नाही याचा विचार केला. तिथे क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषध-साधनांची ढकलगाडी) प्रत्येक खण ठरलेला आहे आणि दर पाळीला दोघी मिळून तो तपासतात. तिथे हँडओव्हर आहे. जाणारी येणारीला खाटेपाशी उभं राहून सांगते, मनात काही ठेवून जात नाही. तिथे मी एकटी कधीच नसते. घरी मी माझ्या खोलीत एकटी बसून बिलं भरायची अपेक्षा धरत होते.

लाईट बिल ऑटोपेवर टाकलं, नवऱ्याने शेजारी बसून, मी बोटं चालवून. ते आता कुणाचंच काम नाही. कपड्यांच्या घड्या रात्री तो भांडी लावत असतो तेव्हाच, त्याच खोलीत. तो मदत करत नाही, फक्त असतो, आणि माझे हात चालतात. आणि रविवारी जेवणानंतर दहा मिनिटं हँडओव्हर : या आठवड्यात शाळेचं काय, बँकेचं काय, कोण करणार. मुलीला ते फार आवडलंय, ती वही घेऊन "पेशंट क्रमांक एक, सहलीचा फॉर्म" असं वाचते.

त्याच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर असं : तिथे माझ्याभोवती वीस माणसं आणि एक व्यवस्था असते, इथे तू आहेस, मला तू शेजारी हवा आहेस, वर उभा राहून विचारणारा नको. तो म्हणाला, हे आधी सांगायचंस. मला तरी आधी कुठे माहीत होतं.

मीरा_सांगली

निशिगंधा, वाचून बरं वाटलं. एक विनंती : त्याची बाजूही अधूनमधून विचारत जा. शेजारी बसणाऱ्यालाही कधी उठून जावंसं वाटतं.

निशिगंधा_३९

विचारते. रविवारच्या वहीत तोही एक पेशंट करू :)

नवा_सभासद_कोल्हापूर

उशिरा आलो. मला तपासून घ्यायचं आहे, पण इकडे बहुतेक ठिकाणी "आम्ही लहान मुलांचं करतो" म्हणतात. फोनवर काय विचारायचं?

मनोवेध

अपॉइंटमेंट घेण्याआधी विचारा, प्रौढांचं एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही बघता का. लहानपणाची माहिती कुणाकडून घेता. नुसती अर्ध्या तासाची चाचणी आणि रिपोर्ट असेल तर दुसरीकडे जा. सविस्तर मुलाखत, प्रश्नावली, जमलं तर घरच्या कुणाशी बोलणं, इतकं असायला हवं. आई किंवा मोठी बहीण येऊ शकत असेल तर बरोबर न्या. कोल्हापुरात कुणी नसेल तर ऑनलाइन मुलाखत घेणारे आहेत, औषध लागलं तर मात्र सायकिॲट्रिस्टकडे प्रत्यक्ष जा, रक्तदाब आणि नाडी तपासावी लागते. आणि वाट बघण्याच्या काळात फारच खचल्यासारखं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

नवा_सभासद_कोल्हापूर

धन्यवाद. फोन उद्या करतो.

तिसरी_घंटा

उद्या किती वाजता, आणि कशानंतर?

नवा_सभासद_कोल्हापूर

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की. गल्ल्याला हात लावायच्या आधी.